मामांचं सामान ऑनलाइन विकताना आलेली गिऱ्हाईकं

मामा नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झालेले, जेलरोडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट नाही, आणि आता गुडघे साथच देईनात म्हणून मामेभावाने दोघांना पुण्याला न्यायचं ठरवलं. सामान विकायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी इंदिरानगरला राहते म्हणजे गावातच, आणि घरात मोबाइलचं काहीही असलं की मलाच विचारतात. सागवानी दिवाण, फ्रिज, मामींची शिलाई मशीन आणि भावाची गिअरची सायकल. भंगारवाल्याने सगळ्याचा मिळून जो आकडा सांगितला तो ऐकून मामींचा चेहराच उतरला, मग म्हटलं चांगले फोटो काढून ऑनलाइन टाकूया. त्यात जे जे झालं ते सगळं लिहून काढतेय कारण तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतायत की फ्रॉड आहे हे तुला कळलं कसं, आणि फोनवर सांगताना अर्धं राहून जातं.

दिवाणाची जाहिरात टाकली आणि लगेचच मेसेज. अव्हेलेबल आहे का, हो म्हटलं की पुढचा प्रश्न, पेमेंट कोणत्या नंबरवर करू. किंमत मी मुद्दाम थोडी चढवून लावली होती, घासाघीस होणारच म्हणून, पण हा माणूस एक रुपया कमी करा म्हणाला नाही. मला तिथेच खटकलं. जुना दिवाण घेणारा माणूस आधी विचारतो लाकूड खरंच सागवान आहे का, वाळवी लागलीय का, खाली स्टोरेज आहे का, मजला कितवा, उतरवायला माणसं कोण लावणार, टेम्पोचं भाडं कोणाकडे, आणि हे सगळं झाल्यावर अर्ध्या किमतीपासून बोलायला सुरुवात करतो. ह्याने पत्तासुद्धा विचारला नाही! वस्तूत काडीचा रस नाही पण पैशाची मात्र भयंकर घाई, हे मी पुढे प्रत्येक वेळी बघितलं आणि माझ्या मते ओळखायची सगळ्यात पक्की खूण हीच, क्यूआर कोड वगैरे नंतर येतं, त्याच्या आधीच हे दिसतं.

अकाउंट मामींच्या फोनवरून काढलेलं होतं त्यामुळे थोड्या वेळाने त्यांच्याच नंबरवर फोन आला. स्पीकरवर लावला. "माताजी प्रणाम, हम फौज से बोल रहे हैं, देवळाली आर्टिलरी में पोस्टिंग है, फॅमिली आ रही है तो सामान चाहिए." पाठोपाठ व्हॉट्सॲपवर युनिफॉर्ममधला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीनचं कार्ड, आधार, सगळं न मागता. मामा लगेच विरघळले, "अगं जवान आहे तो, त्याच्याकडून कसला जास्त भाव घेतेस, कमी करून टाक." आता हे नाशिकमध्ये किती फिट बसतं बघा, देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर आहे, आमच्या प्रत्येकाच्या ओळखीत कोणी ना कोणी कॅम्पात असतंच, त्यामुळे इथल्या माणसाला ही गोष्ट खोटी वाटायचं काही कारणच नाही. दुसऱ्या गावात हेच लोक त्या गावाजवळची छावणी सांगतात नाहीतर बॉर्डरवर आहे म्हणून सांगतात. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये फसवणुकीच्या प्रकारांवर एक पुस्तिका काढली होती, तिच्यात सरळ लिहिलंय की ऑनलाइन विक्रीच्या ठिकाणी भामटे बऱ्याचदा लांब कुठेतरी तैनात असलेला फौजी म्हणून बोलतात, विश्वास बसावा म्हणून. आणि ते फोटो, ओळखपत्र खऱ्या जवानाचं पण असू शकतं, कुणाकडून तरी असंच गोड बोलून मिळवलेलं. मला ह्या गोष्टीचा फार राग येतो. लोकांच्या मनातल्या आदराचा असा वापर करायचा, आणि उद्या खराच एखादा जवान फ्रिज घ्यायला आला तर त्याच्याकडे संशयाने बघितलं जाणार.

मी फोन घेतला आणि म्हटलं, दादा, देवळाली कॅम्प इथून जवळच आहे, सुट्टी असेल तेव्हा या, नाहीतर कुणाला पाठवा, दिवाण बघा, आवडला तर इथेच उभं राहून पैसे द्या. झालं, तिथून कारणं सुरू. ड्युटी आहे, बाहेर सोडत नाहीत, आर्मीची गाडी येऊन सामान घेऊन जाईल, पेमेंट आधी आमचा अकाउंट ऑफिसर करेल, आणि आर्मीचं पेमेंट वेगळं असतं, आधी तुम्ही कोड स्कॅन करायचा, मग दुप्पट होऊन परत येतं. इतक्या वेगात बोलत होता की मामींना मध्ये श्वास घ्यायला जागा नव्हती. मग खात्री पटावी म्हणून खरोखरचा एक रुपया पाठवला. मामा म्हणाले, बघ, आला की. तो रुपया येतो तेव्हाच माणूस सैल पडतो, एक रुपया आला म्हणजे बाकीचे पण येणार असं वाटतं, आणि त्याच क्षणी मोठ्या रकमेचा क्यूआर कोड येऊन पडतो.

कोड आला तो असा, वर कसलासा लोगो, खाली रक्कम, आणि इंग्रजीत लिहिलेलं की पैसे स्वीकारण्यासाठी स्कॅन करा. आता ह्यात मला तांत्रिक काय माहितीये ते नीट सांगते कारण सगळ्यांची गडबड इथेच होते. क्यूआर कोडमध्ये काही जादू नसते, त्यात फक्त ज्याला पैसे जाणार त्याचा यूपीआय आयडी, नाव आणि पाहिजे तर रक्कम असते. दुकानदाराचा कोड तुम्ही स्कॅन करता तेव्हा पैसे कोणाचे जातात? तुमचे. तसाच हा. कोडच्या आजूबाजूला चित्रात काहीही लिहिता येतं, रिसीव्ह लिहा नाहीतर कॅशबॅक लिहा, स्कॅन केल्यावर ॲप उघडतं ते पैसे पाठवायच्याच पानावर. आणि यूपीआयचा पिन लागतो तो पैसे आपल्या खात्यातून जाताना, ऑटोपे, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप पैसे कापायची परवानगी, मंजूर करताना, किंवा बॅलन्स बघताना. पैसे यायला पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही, स्कॅन लागत नाही, फोन बंद असला तरी पैसे येतात. मामांना मी म्हटलं, प्रेसमध्ये असताना पगार खात्यात जमा व्हायचा तेव्हा तुम्ही बँकेत सही करायला जायचा का? सही कधी लागायची, काढताना. पिन म्हणजे ती सही. हे मात्र त्यांना लगेच पटलं, आणि नंतर त्यांनीच शेजारच्यांना हेच सांगितलं.

आधी हे लोक रिक्वेस्ट पाठवायचे, म्हणजे ॲपमध्ये नोटिफिकेशन येणार, अमुक इतके रुपये, हो म्हणा आणि पिन टाका, आणि घाईत माणूस समजायचा पैसे येतायत. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून दोन साध्या माणसांमधली ही मागणी पाठवायची सोय बंदच केली, चांगलं केलं, पण कोड आणि लिंका चालूच आहेत.

मी नाही म्हटल्यावर त्याचा सूर बदलला. आधी माताजी, मग एकदम, फौजी का टाइम वेस्ट किया, कंप्लेंट करूंगा, आर्मी कोर्टात खेचीन. मामी घाबरल्या हो, खरंच हात थरथरत होता त्यांचा. ब्लॉक केलं, ॲपवर प्रोफाइल रिपोर्ट केलं, आणि नंबर सरकारच्या दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर चक्षू म्हणून जी सोय आहे तिथे टाकला. ही मार्च २०२४ मध्ये सुरू झालीय, फसवणुकीचा संशय असलेला कॉल, एसएमएस, व्हॉट्सॲप तिथे कळवायचं, तीस दिवसांच्या आतलं असलं पाहिजे, आणि पैसे गेलेले नसतील तेव्हाच, गेलेले असतील तर तिथे वेळ घालवायचा नाही, त्याचं पुढे लिहितेच.

फ्रिजच्या वेळी वेगळाच प्रकार. ह्यावेळी फोन नाही, व्हॉट्सॲपवर एकदम सभ्य भाषेत मेसेज, डीपीला त्या विक्रीच्या ॲपचाच लोगो, तुमची वस्तू बुक झाली आहे, खरेदीदाराने पूर्ण रक्कम भरली आहे, ती आमच्याकडे सुरक्षित आहे, चोवीस तासांत खालच्या लिंकवर जाऊन रक्कम आपल्या खात्यात घ्या नाहीतर ऑर्डर रद्द होईल. मामींना ते अगदी ऑफिशियल वाटलं. मी लिंक उघडली नाही, नुसती वाचली, आणि वाचायची कशी ते सांगते. सुरुवातीच्या एचटीटीपीएस आणि दोन तिरक्या रेघा सोडून द्या, त्यानंतर पहिली तिरकी रेघ कुठे येते ते शोधा, आणि तिच्या लगेच डावीकडचे शब्द बघा, शेवटचे दोन, कधी कधी तीन. खरा पत्ता तेवढाच. त्याच्या आधी कितीही ओळखीची नावं घुसवलेली असू देत, बँकेचं नाव, ॲपचं नाव, सिक्युअर, पे, इंडिया, त्याला काही अर्थ नाही, ते कोणालाही लावता येतं. आमच्या लिंकेत ॲपचं नाव सुरुवातीला होतं पण त्या रेघेआधीचं शेवटचं नाव भलतंच, कधी न ऐकलेलं. आणि कुलुपाचं चित्र दिसतं म्हणून निर्धास्त होणारे खूप आहेत, त्या कुलपाचा अर्थ एवढाच की मधल्या मध्ये कोणी वाचू शकत नाही, पलीकडे बसलेला माणूस चोर आहे की साव हे कुलूप सांगत नाही. बँकांचं आता थोडं सोपं झालंय, रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन ह्या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, तो पत्ता दुसऱ्या कोणाला मिळत नाही. पण विक्रीच्या ॲपांना असं काही नाही, तिथे सरळ स्वतःच्या हाताने ॲप उघडून आत बघायचं, खरंच बुकिंग आहे का. नव्हतंच.

अशा पानांवर पुढे काय होतं तर पैसे घेण्यासाठी म्हणून कार्डचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे आणि मग ओटीपी मागतात. पैसे द्यायला कुणाला कार्डच्या मागचे आकडे कशाला पाहिजेत? ओटीपीचा मेसेज लोक फक्त आकड्यापुरता बघतात, तो पूर्ण वाचा, बऱ्याचदा त्यात रक्कम आणि कोणाला चाललेत हे लिहिलेलं असतं. दुसरं म्हणजे एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरला वगळून थेट फोनमध्ये ॲप टाकायची फाइल, पेमेंटची पावती, कुरिअरचं ॲप, अशा नावाने येते, ती टाकली की तुमचे एसएमएस तिकडे वाचता येतात, म्हणजे ओटीपी विचारायची पण गरज नाही. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके कधीच उघडू नका, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी आधी त्याला फोन करा, त्याचं व्हॉट्सॲप दुसऱ्याच कोणाच्या हातात गेलेलं असू शकतं.

शिलाई मशीनच्या वेळचं पटकन सांगते. दीड हजाराचा व्यवहार, बाई बोलत होती, चक्क मराठीत, आणि म्हणाली ताई चुकून पंधरा हजार गेले, वरचे परत करा ना, मुलाला दवाखान्यात घेऊन जायचंय. मामींना एसएमएस पण आला, खात्यात पंधरा हजार जमा. पण आला तो साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून, बँकेचे मेसेज तसे येत नाहीत, त्यांना अक्षरांचं नाव असतं. बँकेच्या ॲपमध्ये बघितलं तर काहीच जमा नाही. रडत होती हो ती बाई. मी म्हटलं ताई तुम्ही तुमच्या बँकेला सांगा, चुकून गेले असतील तर बँक बँकेशी बोलून परत करेल, आणि फोन ठेवला. खरोखर जरी कोणाचे पैसे आपल्या खात्यात आले तरी स्वतः परत पाठवू नये, बँकेला कळवावं.

हे सगळं चालू असताना खालच्या मजल्यावरचे काका वर आले. मामा गेले काही दिवस सगळ्यांना पिनचं सांगत होते ना, ते ऐकून. काका खाली मान घालून बसले आणि बऱ्याच वेळाने बोलले. नातवाला स्कूटर घ्यायची होती, ऑनलाइन बघितली, एकदम स्वस्त, विकणारा फौजी, बदली झालीय म्हणून काढतोय. आधी टोकन घेतलं, मग गेटपासचे पैसे, मग ट्रान्सपोर्टचे, मग इन्शुरन्स नावावर करायचे, प्रत्येक वेळी सांगायचं की गाडी मिळाली की परत मिळतील. आदल्या रात्रीपर्यंत साडेअठ्ठावीस हजार गेले होते आणि त्या दिवशी सकाळी अजून मागत होता. घरी कोणाला सांगितलं नव्हतं. मला त्यांना एवढंच सांगावंसं वाटलं की काका, लाज त्या माणसाला वाटली पाहिजे, तुम्हाला नाही, आणि आता बोलत बसायला नको, फोन द्या.

१९३० लावला. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा नंबर आहे, पूर्वी १५५२६० होता. लाइन बिझी लागते, सोडायचं नाही, लावत राहायचं, आणि तोपर्यंत कागदावर सगळं लिहून काढायचं. आम्हाला विचारलं ते असं, काकांचं नाव, मोबाइल, बँक, खात्याचा नंबर, प्रत्येक वेळी किती रुपये गेले, किती वाजता, आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, तो यूपीआय ॲपच्या हिस्टरीमध्ये त्या व्यवहारावर दाबलं की दिसतो. समोरच्याचा यूपीआय आयडी पण. घाई ह्यासाठी करायची की तक्रार नोंदली की ती ज्या बँकेत पैसे गेले तिच्याकडे जाते आणि त्या खात्यात जे काय शिल्लक असेल ते थांबवता येतं, पण ते लोक पैसे एका खात्यात ठेवतच नाहीत, पुढे दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात, मग एटीएममधून बाहेर. एकदा नोटा हातात गेल्या की थांबवायला काही उरत नाही. मेसेजवर तक्रारीचा नंबर आला, मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन ह्या पोर्टलवर बाकीचं भरलं, चॅटचे स्क्रीनशॉट, जाहिरातीचा फोटो, स्टेटमेंट. चॅट डिलीट करू नका, काका रागाच्या भरात करणारच होते. त्याच पोर्टलवर संशयित नंबर किंवा यूपीआय आयडी टाकून आधी कोणी तक्रार केलीय का हे शोधता येतं, सप्टेंबर २०२४ पासून, पैसे द्यायच्या आधी हे बघायला एक मिनिट लागतं. सापडला नाही म्हणजे माणूस चांगला असं मात्र नाही, नंबर नवा असू शकतो.

मग बँकेत. काउंटरवरच्या माणसाने बघितलंसुद्धा नाही नीट, म्हणाला तुम्हीच पिन टाकला ना आजोबा, आता काही होत नाही. मला फार लागलं ते. लेखी अर्ज दिला, तक्रारीचा नंबर टाकून, आणि कॉपीवर शिक्का मारून घेतला, शिक्क्याशिवाय उठायचं नाही असं आधीच ठरवलं होतं. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला सर्क्युलर काढलं होतं, त्याप्रमाणे ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कळवल्याची तारीख आणि वेळ कागदावर पाहिजेच. आणि बँक किंवा ग्राहकाची कोणाचीच चूक नसेल, तिसरीकडेच काही फुटलं असेल, तर तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाला काही भरावं लागत नाही. काकांना ते दुसरं लागू नव्हतं, पण लागू काय आणि नाही काय हे सांगायची सुद्धा तिथे कोणाला इच्छा नव्हती.

सायबर पोलिसांकडे मात्र नीट ऐकून घेतलं, बसायला खुर्ची दिली, काकांना पाणी दिलं. आयटी कायद्याचं ६६ ड कलम लागतं, दुसरा कोणीतरी असल्याचं भासवून कॉम्प्युटर किंवा मोबाइलवरून फसवणं, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तिथेच कळलं की काकांचे शेवटचे दोन हप्ते, म्हणजे अकरा हजार, समोरच्या खात्यात अडकलेत, होल्ड लागलाय. आधीचे पुढे गेले.

ह्या सगळ्यानंतर एक फोन आला तो मला सगळ्यात भयंकर वाटला. सायबर ऑफिसमधून बोलतोय, तुमचे पैसे सुटलेत, प्रोसेसिंगचे दोन हजार भरा. एकदा फसलेल्या माणसाचा नंबर हे लोक आपसात फिरवतात असं पोलिसांनी आम्हाला आधीच बजावून ठेवलं होतं म्हणून काका ह्यावेळी शांतपणे म्हणाले, मी येऊन भेटतो, आणि फोन कट झाला. पोलीस, बँक, कोर्ट, कोणीही पैसे परत द्यायला आधी यूपीआयवर पैसे मागत नाही.

मामांचं सामान गेलं शेवटी, दिवाण सातपूरच्या एका जोडप्याने नेला, दोन वेळा येऊन बघून, ठोकून, पाचशे कमी करून, पैसे दिवाण टेम्पोत चढल्यावर. फ्रिज सिन्नरच्या एका हॉस्टेलवाल्याने. पैसे जमा झाल्याचं दोन्ही वेळा मामांनी स्वतः बँकेच्या ॲपमध्ये उघडून बघितलं. मामा मामी आता पुण्याला आहेत. काकांच्या अकरा हजारांसाठी कोर्टात अर्ज दिलाय, होल्ड झालेली रक्कम परत मिळायला कोर्टाची ऑर्डर लागेल असं आम्हाला तेव्हा सांगितलं होतं, सोबत तक्रारीची कॉपी, बँकेचं स्टेटमेंट, आधार आणि होल्डचं पत्र जोडलंय. बाकीच्या साडेसतरा हजारांचा तपास चालू आहे, ज्या खात्यात ते आधी गेले ते कुठल्यातरी मजुराच्या नावावर निघालं, त्याला कमिशन देऊन खातं वापरायला घेतलेलं. नाशिकमधल्या कोणी असा अर्ज करून पैसे परत मिळवले असतील तर किती वेळ लागला आणि वकील लावावा लागला का तेवढं कळवा, काकांना सांगायचंय.